आधी ठसे नीट घ्या, मग बोट दाखवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच राज्यातल्या रुग्णालयांच्या संसर्ग नियंत्रण समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टर. सव्वीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली आणि आता निवृत्त झाले आहे. नोकरीत असताना तुम्हाला लिहिलेली पत्रं आवक-जावक नोंदवहीच्या पलीकडे गेली नाहीत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. मागणी एकच आहे. रुग्णालयात साथ पसरली की ती कोणामुळे आणि कशामुळे पसरली हे ठरवताना, जंतूचा डीएनए ठसा ज्या पद्धतीनं घेतला ती पद्धत तेवढा निकाल द्यायला लायक आहे का, हे आधी तपासा. ती लायक नसेल तर कोणाकडेही बोट दाखवू नका.

हे मी का सांगते आहे ते कळण्यासाठी एक प्रसंग सांगावा लागेल. त्या प्रसंगातल्या अहवालावर सही माझी होती.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या नवजात अतिदक्षता कक्षातून तीन आठवड्यांत आठ बाळांच्या ब्लड कल्चरच्या बाटल्या पॉझिटिव्ह आल्या. आठही प्लेटवर त्याच गुलाबी, चिकट, एकमेकींत मिसळलेल्या कॉलनी. क्लेब्सिएला न्यूमोनी हा जंतू. त्यातली तीन बाळं गेली, सगळ्यात लहान नऊशे ग्रॅमचं होतं. संसर्ग नियंत्रण समितीची तातडीची बैठक झाली आणि कक्षातल्या सगळ्यांचे हातांचे स्वॅब घ्यायचे ठरले. डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा, सगळ्यांचे. शिवाय सक्शनच्या नळ्या, वॉर्मर, साबणाची बाटली आणि हात धुण्याच्या बेसिनची जाळी. क्लेब्सिएला दोनच ठिकाणी सापडला: बेसिनच्या जाळीत आणि एका सिस्टरच्या हातावर.

बेसिनचं कोणी मनावर घेतलं नाही. ‘बेसिनमध्ये जंतू असणारच,’ असं समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले आणि विषय तिथंच संपला. हाताचं मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं. मला विचारण्यात आलं, ‘हा तोच जंतू आहे का, दोन दिवसांत सांगा.’ माझ्याकडे डीएनएच्या प्रती वाढवणारा एक थर्मल सायकलर होता, डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणारं जेल चालवायचं साधं यंत्र होतं आणि आरएपीडी या झटपट ठसा-पद्धतीचा एक प्रायमर, म्हणजे डीएनएवर बसणारा छोटा तुकडा, होता. मी आरएपीडी केली. जेलवर बाळांच्या जंतूंच्या लेनमध्ये चार ठळक बँड (पट्ट्या) दिसले आणि सिस्टरच्या लेनमध्येही तेच चार. मी लिहिलं, ‘सर्व नमुने एकाच प्रकारचे असल्याचे दिसते.’ समितीनं ‘दिसते’ हा शब्द वाचलाच नाही. आठवड्याच्या आत सिस्टरची बदली झाली. अठरा वर्षं त्या कक्षात काम केलेल्या बाईबद्दल जिन्यावर, कँटीनमध्ये बोललं जाऊ लागलं की हिच्या हातानं बाळं गेली.

दोन वर्षांनी एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, जुने स्ट्रेन, म्हणजे जंतूंचे वाण, काही शिल्लक आहेत का, जीनोम वाचायच्या यंत्रावर जागा आहे. आठपैकी पाच बाळांचे, एक हाताचा आणि एक बेसिनचा, अशा सात कुप्या ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या शिल्लक होत्या. त्याही योगायोगानं. बाकीच्या मोठा फ्रीझर बंद पडला तेव्हा गेल्या. तिनं सातही जंतूंचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएमधली सगळी अक्षरं, वाचला. पाचपैकी चार बाळांचे जंतू एकाच घरातले निघाले. पन्नास लाखांहून जास्त अक्षरांत दोन-तीन अक्षरांचा फरक. बेसिनचा जंतू त्याच घरातला. पाचव्या बाळाचा जंतू सर्वस्वी वेगळा, त्याचा या साथीशी संबंधच नव्हता. आणि सिस्टरच्या हातावरचा जंतू? त्याचं यातल्या कोणाशीही नातं नव्हतं. हजारो अक्षरांचा फरक होता.

मी तिच्या घरी गेले. तिनं तोवर स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. सगळं ऐकून घेतलं, चहा केला आणि एवढंच विचारलं, ‘मॅडम, मग तेव्हा थोडं थांबायचं होतं ना?’

म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. प्रयोगशाळेनं ‘क्लेब्सिएला’ असं लिहून दिलं म्हणजे फक्त आडनाव सांगितलं. अर्ध्या गावाचं आडनाव पाटील असतं, म्हणून अर्धं गाव एका घरातलं ठरत नाही. साथीच्या तपासात आडनाव पुरत नाही, घर कळावं लागतं. ते कळायला जंतूचा डीएनए बघावा लागतो आणि तो बघण्याच्या पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समितीच्या टेबलावर येताना मात्र या सगळ्यांचं नाव एकच होतं, ‘डीएनए रिपोर्ट’. खरा घोटाळा तिथंच आहे.

डीएनएच्याही आधीची सवय सांगते. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालतं त्याचा, तक्ता सारखा आला की जंतू तोच, असं आजही बहुतेक वॉर्डांत धरलं जातं. औषधांना दाद न देण्याचे जीन अनेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असतात आणि प्लाझ्मिड एका जंतूकडून दुसऱ्या, पूर्णपणे परक्या जंतूकडे जातात. त्यामुळे एकमेकांशी नातं नसलेले दोन जंतू एकाच तक्त्याचे दिसू शकतात. उलट एकाच घरातला जंतू प्लाझ्मिड गमावून बसला की त्याचा तक्ता वेगळा दिसतो. तक्त्यावरून शंका घ्यावी, निवाडा करू नये.

मी जी आरएपीडी केली ती १९९० मध्ये आलेली पद्धत. साधारण दहा अक्षरांचा एक प्रायमर घेतात आणि छत्तीस अंशांच्या आसपासच्या, म्हणजे फारच कमी तापमानाला तो डीएनएवर बसू देतात. एवढ्या कमी तापमानाला प्रायमर नेमक्या जागी बसेलच असं नाही, जिथं बरंचसं जुळेल तिथंही बसतो. त्यातून काही तुकडे वाढतात आणि त्यांचे बँड आपण बघतो. डीएनए थोडा कमी-जास्त पडला, मॅग्नेशियम बदललं, एन्झाइमची नवी बॅच आली, यंत्र दुसऱ्या कंपनीचं असलं, की बँड बदलतात. आज काढलेलं जेल पुढच्या महिन्यातल्या जेलशी ताडून बघता येत नाही, पुण्यातलं नागपूरशी तर नाहीच नाही. एकाच दिवशी, एकाच जेलवर बँड स्पष्टपणे वेगळे आले तर जंतू वेगळे असावेत असं म्हणायला थोडा आधार मिळतो. पण बँड सारखे आले म्हणून जंतू एकच, असं म्हणायला आरएपीडीत काहीही आधार नाही. मी नेमकं तेच केलं होतं. ईआरआयसी-पीसीआरमध्ये प्रायमर लांब असतो, तो ठरलेल्या पुनरावृत्त तुकड्यांवर बसतो, त्यामुळे ती जरा स्थिर आहे. तरी तिची जातकुळी हीच. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले कितीतरी प्रबंध या दोन पद्धतींवर उभे आहेत आणि विद्यार्थ्यानं हात बसवायला त्या चांगल्याच आहेत. पण माणसाची नोकरी त्यांच्यावर ठरू नये.

यानंतर पल्स्ड-फील्ड जेल, म्हणजे पीएफजीई. हिच्याबद्दल मला थोडं लांबण लावून लिहू द्या, कारण या पद्धतीवर माझा जीव आहे. साध्या जेलमध्ये डीएनएचे फार मोठे तुकडे वेगळे होत नाहीत, सगळे एकत्रच सरकतात. १९८४ मध्ये श्वार्ट्झ आणि कँटर यांनी विद्युतक्षेत्राची दिशा ठरावीक वेळानं बदलत राहण्याची युक्ती काढली. दिशा बदलली की तुकड्याला वळावं लागतं, मोठ्याला वळायला जास्त वेळ लागतो आणि त्यामुळे प्रचंड मोठे तुकडेही आकारानुसार वेगळे होतात.

एका राष्ट्रीय संस्थेत मी ही पद्धत शिकले. जंतू थेट नळीत फोडले तर डीएनए तुटतो, म्हणून ते आधी वितळलेल्या अगरोजमध्ये मिसळायचे आणि बोटाच्या पेराहून लहान साच्यांत ओतायचे. बुडबुडा राहिला तर तो प्लग फुकट. मग प्लग चोपन्न अंशांच्या पाण्यात प्रोटिनेज-के घातलेल्या द्रावणात ठेवायचे. जंतू आतल्या आत फुटतात, डीएनए अखंड राहतो. धुवायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा धुवायचं. प्लगचा धुरकटपणा जाऊन तो काचेसारखा झाला की समजायचं, धुणं पुरेसं झालं. मग त्याचा पातळ काप घेऊन क्वचितच कापणारं एन्झाइम द्यायचं. क्लेब्सिएला, ई. कोलाय, साल्मोनेला यांना एक्सबा-वन, स्टॅफिलोकॉकसला एसएमए-वन, असिनेटोबॅक्टरला एपीए-वन. चौदा अंशांच्या फिरत्या पाण्यात अठरा-वीस तास जेल चालतं. रात्री वीज गेली आणि पंप थांबला की सकाळी हातात धुकं. भारनियमनाच्या दिवसांत मी जेलपाशी खुर्ची टाकून रात्री काढल्या आहेत. पण सगळं जमून आल्यावर अतिनील दिव्याखाली दहा-पंधरा बँडची जी स्वच्छ शिडी दिसते, तिच्यात संपूर्ण गुणसूत्राचा आडवा छेद असतो. आरएपीडीसारखे कुठले तरी चार तुकडे नसतात.

या शिडीनं जगात खरोखर जीव वाचवले आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धकच्चे हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक ई. कोलाय ओ-१५७ नं आजारी पडले आणि चार मुलं दगावली. रुग्णांतला जंतू आणि मांसातला जंतू एकच आहे हे पीएफजीईनं दाखवलं. त्यातूनच १९९६ मध्ये पल्सनेट हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. सगळ्या प्रयोगशाळा एकच कार्यपद्धती वापरणार, प्रत्येक जेलवर मापासाठी साल्मोनेला ब्रेंडरपचा तोच एक स्ट्रेन चालवणार, म्हणजे एका राज्यातलं जेल दुसऱ्या राज्यातल्या जेलशी ताडता येणार. त्यात यंत्राइतकंच मोल शिस्तीला होतं. आपण यंत्र विकत घेतो, ही शिस्त घेत नाही.

पण पीएफजीईलाही मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत. बँड कसे वाचायचे याचे टेनोव्हर आणि सहकाऱ्यांचे निकष १९९५ चे. सगळे बँड जुळले तर जंतू एकच मानायचा. दोन-तीन बँडचा फरक असेल तर जवळचं नातं, चार ते सहाचा असेल तर कदाचित नातं, सात किंवा जास्तचा असेल तर परका. कारण एन्झाइम जिथं कापतं तिथलं एक अक्षर बदललं तरी तीनपर्यंत बँड बदलू शकतात. हे निकष थोड्याशा नमुन्यांसाठी आणि थोड्या काळात घडलेल्या साथीसाठी होते. वर्षानुवर्षांचे शेकडो नमुने घेऊन त्यांच्यावर निकाल देणारे अहवाल मी पाहिले आहेत, ते निकषांच्या कर्त्यांनाही मान्य झाले नसते. शिवाय एन्झाइमच्या कापण्याच्या जागा सोडल्या तर उरलेल्या लाखो अक्षरांत काय बदललं ते पीएफजीईला दिसत नाही. एखादा स्ट्रेन भागात सगळीकडे पसरला असेल तर प्रत्येक रुग्णालयातून तीच शिडी येते आणि तपास तिथंच थांबतो. याच कारणानं २०१९ मध्ये अमेरिकेच्या पल्सनेटनं पीएफजीई सोडून संपूर्ण जीनोम वाचायला सुरुवात केली.

मधल्या काळात, १९९८ मध्ये, एमएलएसटी आली. ती पहिल्यांदा मेनिन्जायटिसच्या मेनिंगोकॉकसवर झाली. जंतूचे सात नित्याचे जीन निवडायचे, त्यांचे तुकडे वाचायचे आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. सात क्रमांकांच्या जोडणीला एसटी म्हणतात. हिचं मोठेपण असं की बँडकडे डोळे बारीक करून बघावं लागत नाही. पॅरिसमधला एसटी २३१ आणि वेल्लोरमधला एसटी २३१ हे नि:संशय एकाच कुळातले. देशभर, जगभर कुठलं कुळ पसरतं आहे हे बघायला याहून सुटसुटीत साधन नाही. पण आपल्याकडच्या रुग्णालयांत हा २३१ इतका रुळलेला आहे की दोन रुग्णांत तो सापडला म्हणून एकाचा दुसऱ्याला लागला, असं म्हणता येत नाही. एमएलएसटीनं पिनकोड कळतो, घर क्रमांक कळत नाही. एका समितीत ‘दोघांचाही एसटी एकच आहे, म्हणजे सिद्धच झालं’ असं म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. नाही, सिद्ध झालेलं नसतं.

संपूर्ण जीनोम वाचनानं काय घडू शकतं याची दोन उदाहरणं प्रत्येक समितीसमोर असावीत असं मला वाटतं. पहिलं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयातलं. जून २०११ मध्ये तिथं कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलाची एक रुग्ण न्यूयॉर्कहून आली. तिला वेगळं ठेवलं, सगळी काळजी घेतली आणि जुलैमध्ये घरी सोडलं. तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला, मग आठवड्यामागून आठवडा नवे सापडत गेले. एकूण अठरा रुग्णांत जंतू मिळाला, त्यांतले अकरा दगावले आणि त्यांतल्या सहांचा मृत्यू त्या संसर्गामुळे झाला. जंतू होता एसटी २५८, अमेरिकेत सगळीकडे असलेला. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर इतक्या दिवसांनी हे कुठून आलं, की बाहेरून नव्यानं आलं, हे शिडीवरून सांगता येत नव्हतं. जीनोम वाचल्यावर कळलं की सगळं त्या पहिल्या रुग्णापासूनच निघालं होतं. तेही एका नव्हे तर वेगवेगळ्या वाटांनी, आणि काही रुग्ण लक्षणं नसताना आठवडेच्या आठवडे जंतू बाळगून होते. ज्या क्रमानं रुग्ण सापडले तो पसरण्याचा क्रम नव्हता. तिथल्या सांडपाण्याच्या नळ्यांत आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही तो जंतू मिळाला. हे वाचताना मला आमच्या बेसिनची जाळी आठवत होती.

दुसरं उदाहरण केंब्रिजच्या रोझी रुग्णालयातलं, तेही २०११ चं, तेही नवजात बाळांच्या कक्षातलं. जंतू एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. जुन्या पद्धतीनं सारखे वाटणारे रुग्ण होते, पण साथ आहे हे ठामपणे म्हणता येत नव्हतं. जीनोमनं सव्वीस जण एका धाग्यात बांधले, त्यात बाळंही होती आणि बाहेरच्या वस्तीतली माणसंही. कक्ष पूर्ण धुऊन काढला. चौसष्ट दिवस एकही नवं बाळ नाही. मग एकाएकी एक सापडलं. कर्मचाऱ्यांची तपासणी झाली तेव्हा एका व्यक्तीच्या अंगावर तो जंतू होता आणि जीनोम सांगत होता की हा तोच. त्या व्यक्तीवर उपचार केले, जंतू घालवला, साथ थांबली. मी हे मुद्दाम सांगते आहे. कर्मचाऱ्यांकडून कधीच लागत नाही असं माझं म्हणणं नाही. लागतं. पण तिथं आधी खात्री केली आणि मग उपचार केले. आमच्याकडे खात्री केली नाही आणि बदली केली.

ठसा नेमका असला की दोषही नेमका सिद्ध होतो. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये पटकी आली. पीएफजीईनं एवढंच सांगितलं की जंतू दक्षिण आशियातला दिसतो. म्हणजे तो आपल्यातल्या कोणाचाही असू शकला असता. नेपाळमधल्या जंतूंशी संपूर्ण जीनोम ताडून पाहिले तेव्हा फरक एक-दोन अक्षरांवर आला आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या छावणीकडे निर्देश करणाऱ्या बाकीच्या पुराव्याला भक्कम जोड मिळाली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली.

क्षयरोगाचं उदाहरण मात्र आपल्या घरचं आहे आणि क्षयरोग अधिकाऱ्यांनी ते विसरू नये. अनेक जण विचारतात की सीबीनॅट या क्षयाच्या झटपट चाचणीत स्ट्रेन कळत नाही का. नाही कळत. ती क्षयजंतू आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का एवढंच सांगते. स्ट्रेनसाठी १९९३ मध्ये आयएस ६११० आरएफएलपीची जागतिक पद्धत ठरली. हा एक फिरता तुकडा असतो, जंतूच्या जीनोममध्ये त्याच्या किती प्रती कुठं आहेत त्यावरून ठसा. नेदरलँड्समध्ये, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ती उत्तम चालली. आणि मग चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रातून १९९० च्या दशकात दिसून आलं की दक्षिण भारतातल्या बऱ्याच जंतूंमध्ये या तुकड्याची एकच प्रत असते किंवा एकही नसते. एका बँडवरून काय ओळखणार? सगळेच सारखे दिसणार. परदेशात सर्वोत्तम ठरलेली पद्धत आपल्या जंतूपुढे आंधळी होती. नंतर त्रेचाळीस खुणांचं स्पॉलिगोटायपिंग आलं, चोवीस जागांचं मिरू-व्हीएनटीआर आलं आणि आता संपूर्ण जीनोम. उपचार पूर्ण झालेला रुग्ण दोन वर्षांनी पुन्हा पॉझिटिव्ह आला, तर जुनाच जंतू उसळला की घरातून, चाळीतून, कामाच्या ठिकाणाहून नव्यानं लागला? उत्तर पहिलं असेल तर उपचार तपासायला हवेत, दुसरं असेल तर शेजार. चुकीच्या पद्धतीनं हे उत्तर कधीच मिळणार नाही.

जीनोम वाचलं की सगळं सुटलं, असंही कृपया समजू नका. किती अक्षरांच्या फरकापर्यंत ‘एकच’ म्हणायचं याचा एकच आकडा नाही. क्षयजंतू फार सावकाश बदलतो, म्हणून तिथं पाचपर्यंत फरक असेल तर अलीकडचा संसर्ग आणि बारापेक्षा जास्त असेल तर नाही, असं साधारण धरतात. क्लेब्सिएलाला तो आकडा लावून चालत नाही. शिवाय कधी कधी साथ जंतूची नसतेच, प्लाझ्मिडची असते. औषधविरोधी जीन घेऊन ते जंतू बदलत फिरत असतं आणि छोट्या तुकड्यांत वाचलेल्या जीनोममध्ये प्लाझ्मिड नीट जुळवणं अवघड जातं. आणि रुग्ण कोणत्या तारखेला कोणत्या खाटेवर होता, कोणत्या बाळाला कोणती सक्शन लावली होती, याची नोंद नसेल तर अक्षरांचा फरक नुसता आकडाच राहतो. आमच्या कक्षाच्या खाटांच्या नोंदी मला रजिस्टरमधल्या खाडाखोडीतून शोधाव्या लागल्या होत्या.

मग यंत्रं कुठून आणायची? ती आणायची गरज फारशी नाही, ती आपल्याकडे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं इन्साकॉग हे कोरोनाचे जीनोम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं उभारलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोरोनाचे जीनोम वाचले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेची जीनोम प्रयोगशाळा सुरू झाली. कोरोना विषाणूचा जीनोम तीस हजार अक्षरांचा, क्लेब्सिएलाचा पन्नास लाखांहून अधिक, त्यामुळे एका फेरीत जिवाणूंचे नमुने कितीतरी कमी बसतील, खर्चही जास्त येईल. पण यंत्र तेच, किट बरीचशी तीच आणि ती चालवायला शिकलेली मुलं-मुलीही तीच. क्लेब्सिएलाचा एसटी आणि औषधविरोधी जीन ओळखून देणारं क्लेबोरेटसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कोरोनाच्या दिवसांत पहाटेपर्यंत नमुने लावणारे हे तरुण तंत्रज्ञ कंत्राट संपलं म्हणून आता घरी बसले असतील, तर त्यांना परत बोलवा.

माझं मागणं फार मोठं नाही. अतिदक्षता कक्षातल्या रुग्णाच्या रक्तातून, मणक्याच्या पाण्यातून निघालेला प्रत्येक जंतू किमान दोन वर्षं ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवणं बंधनकारक करा. एका कुपीला अँटिबायोटिकच्या एका डोसापेक्षाही कमी खर्च येतो. जपलेला जंतूच नसेल तर जगातली सर्वांत महागडी पद्धतही काही सांगू शकत नाही. प्रत्येक महसूल विभागात एक केंद्र असं ठरवा की जिथं साथीचा संशय आल्यावर रुग्णालय नमुने पाठवेल आणि दहा दिवसांत उत्तर मिळेल. तोवर ज्यांच्याकडे पीएफजीईचं यंत्र आणि ते चालवणारे हात आहेत त्यांनी ते भंगारात काढू नये. एका आठवड्यात चार-सहा नमुने वेगळे आहेत हे सांगायला ते आजही उपयोगी आहे. प्रत्येक अहवालावर कोणती पद्धत वापरली आणि ती काय सांगू शकत नाही, या दोन ओळी छापील असू द्या. हातांचे स्वॅब घेण्याआधी बेसिन, नळ, सक्शन, सलाइन, दूध तयार करायची जागा तपासा. आणि जीनोमचा अहवाल हातात येईपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्यावर संसर्गाच्या कारणावरून बदली, नोटीस, चौकशी, काहीही होणार नाही असा लेखी आदेश काढा. तोवर गरज वाटली तर त्या कर्मचाऱ्याला काही दिवस बाळांपासून दूर ठेवा, पण पगारी आणि मानानं.

समित्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. वरिष्ठ दोन दिवसांत उत्तर मागतात तेव्हा ‘एवढ्यात सांगता येणार नाही’ असं म्हणणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. मला ते जमलं नाही. तुम्ही म्हणा.

आमच्या जुन्या विभागातल्या फ्रीझरमध्ये, खालून दुसऱ्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या त्या सात कुप्या अजून आहेत. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांना मी त्या दाखवून ठेवल्या आहेत, कोणती कुपी कोणाची हेही लिहून दिलं आहे. तुमचं पहिलं विभागीय केंद्र सुरू होईल त्या दिवशी परवानगी काढून, बर्फात घालून, त्या आणून द्यायला मी स्वतः येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ